कमिट केलं म्हणजे नेमकं काय केलं?

चवथीच्या तोंडावर रंगाऱ्याला फोन लावला की उत्तर येतं, ‘बाब, चवथीपर्यंतचे सगळे दिवस कमिट झालेत.’ कळंगुटच्या हॉटेलात कामाला लागलेली मुलगी घरी सांगते, ‘मॅनेजरनी कमिट केलंय, सहा महिन्यांत परमनंट.’ म्हापशाच्या बसस्टँडवर एक जण मित्राला समजावतो, ‘सोड रे, ती कमिटेड आहे.’ मराठी बोलताना तिन्ही वाक्यं खपून जातात आणि ऐकणाऱ्याला अर्थही लागतो. पण हीच वाक्यं इंग्रजी करून ईमेलमध्ये टाकली तर पहिलं ओढूनताणून बसतं, दुसरं साफ चुकतं आणि तिसरंच तेवढं नीट उभं राहतं. आपण मराठीत ‘कमिट’ला ‘शब्द देणे’ या एकाच खुंटीला टांगून ठेवलं आहे. इंग्रजीत तो त्याच्या अनेक अर्थांपैकी एक, आणि तोही अटी पाळूनच येतो.

शब्दाचं मूळ लॅटिन आहे. ‘कोम’ म्हणजे सोबत आणि ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे, सोडणे. दोन्ही जोडून ‘कोमित्तेरे’ झालं आणि त्याचा अर्थ एकत्र आणणे, हवाली करणे असा स्थिरावला. परमिट, सबमिट, मिशन, प्रॉमिस ही सगळी त्याच मित्तेरेची भावंडं. मराठीत ‘कमिट’च्या सगळ्यात जवळ जाणारं क्रियापद ‘सोपवणे’ आहे, आणि सोपवलं की ते आपल्या हातात उरत नाही. फातोर्ड्याच्या मैदानावर पेनल्टी चालली आहे आणि समालोचक म्हणतो, ‘द कीपर कमिटेड अर्ली.’ यात वचन नाही की निष्ठा नाही. चेंडूला पाय लागण्याआधीच गोलरक्षकाने डावीकडे अंग झोकून दिलं, आता चेंडू उजवीकडे गेला तरी त्याला वळता येणार नाही, एवढंच सांगायचं आहे. हे मागे न फिरता येणं लक्षात ठेवलं तर गुन्हा, कर्ज, प्रेम, कोर्ट आणि कॉम्प्युटर या सगळ्यांत हा एकच शब्द का फिरतो ते कळतं.

अर्थ ओळखायची रीत सोपी आहे. ‘कमिट’ दिसला की त्याच्या लगेच पुढे काय आलं ते बघा.

पुढे थेट एखादं कृत्य असेल, मध्ये ‘टू’ नसेल, तर ते कृत्य वाईटच असणार. कमिट अ क्राइम, कमिट मर्डर, कमिट फ्रॉड, कमिट अ फाउल. इथे मराठी फक्त ‘केला’: खून केला, फसवणूक केली. चांगल्या कामाला हे क्रियापद लागत नाही. ‘ही कमिटेड अ गुड डीड’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला ती थट्टा वाटेल. ‘कमिट अ मिस्टेक’ आपल्याकडे सर्रास चालतं, पण इंग्रज लोक ‘मेक अ मिस्टेक’ म्हणतात. ‘एरर’ला मात्र कमिट चालतं, औपचारिक लिखाणात. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात बळजबरीची व्याख्या करणारं १५ वं कलम आहे, तिथे ‘कमिटिंग’ आणि ‘थ्रेटनिंग टू कमिट’ हे शब्द याच गुन्ह्याच्या अर्थाने येतात. त्या कायद्यात वचनासाठी शब्द आहे तो ‘प्रॉमिस’.

याच घरातला एक प्रयोग आता सोडून द्यायला हवा: ‘कमिटेड सुइसाइड’. आत्महत्या हा कायद्याने गुन्हा होता त्या काळचं हे वळण आहे. इंग्लंडने १९६१ मध्ये तो गुन्हा रद्द केला. आपल्याकडेही २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाप्रमाणे, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरून चालायचं आहे. जागतिक आरोग्य संघटना बातमीदारांना हा प्रयोग टाळायला सांगते. इंग्रजीत ‘डाइड बाय सुइसाइड’ लिहा.

आता दुसरा प्रकार. पुढे माणूस किंवा वस्तू, मग ‘टू’ आणि मग एखादी जागा. इथे सोपवणं अगदी उघड दिसतं. कमिट टू मेमरी म्हणजे पाठ करणं, कमिट टू पेपर म्हणजे कागदावर उतरवणं. ‘कमिटेड टू जुडिशियल कस्टडी’ म्हणजे न्यायालयीन कोठडीत रवानगी. कोर्टाच्या बातम्या भाषांतरित करणाऱ्याने इथे डोळे उघडे ठेवावेत. ‘द मॅजिस्ट्रेट कमिटेड द केस टू द कोर्ट ऑफ सेशन’ याचं ‘दंडाधिकारी खटल्याशी वचनबद्ध’ असं काहीतरी होऊ शकतं, आणि यंत्राकडून भाषांतर करून घेतलं तर त्याची शक्यता जास्त. अर्थ इतकाच, की खटला सत्र न्यायालयाकडे सोपवला. सत्र न्यायालयातच चालण्याजोगे गुन्हे खालचं कोर्ट स्वतः चालवत नाही, वर पाठवतं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २०९ व्या कलमाखाली होई, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २३२ व्या कलमाखाली होतं. ख्रिश्चन शेजाऱ्याच्या घरी दुःखद प्रसंग घडला आणि कार्यक्रमपत्रिकेवर ‘राइट ऑफ कमिटल’ दिसलं, तर तो दफनाच्या वेळी थडग्यापाशी होणारा विधी. देह मातीच्या हवाली करणं, म्हणजे पुन्हा सोपवणंच.

पैसा, माणसं, वेळ यांच्यापुढे ‘टू’ आला तर ‘राखून ठेवणे’ म्हणा. ‘द पंचायत हॅज कमिटेड फाइव्ह लॅख्स टू द रोड’ याचा अर्थ पाच लाख दिले असा नाही आणि खर्च झाले असाही नाही. त्या रस्त्यासाठी बाजूला काढले, आता दुसऱ्या कामाला वापरायचे नाहीत. बँकेतला ‘कमिटमेंट चार्ज’ इथूनच येतो. बँकेने तुमच्यासाठी ५० लाखांची मर्यादा राखून ठेवली, तुम्ही ३० च लाख उचलले. उरलेले २० लाख तुमच्या नावावर अडकून पडले म्हणून बँक त्यावर आकार लावते. करारात तो वर्षाला अर्धा टक्का लिहिला असेल तर २० लाखांवर वर्षाचे १०,००० रुपये, तिमाहीला २,५००. उचललेल्या ३० लाखांवरचं व्याज वेगळं. कर्जाच्या कागदांत हा शब्द दिसला की दर किती, न उचललेल्या कुठल्या रकमेवर आणि कधीपासून, हे तीन प्रश्न सहीआधी विचारावेत. बरेच लोक त्याला प्रोसेसिंग फी समजून पुढे जातात आणि तिमाहीच्या शेवटी बँकेत भांडायला येतात.

तिसरा प्रकार आपल्या ओळखीचा: बांधून घेणं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा थांबून बघू.

इंग्रजीत माणूस स्वतःला बांधून घेतो, समोरच्याला ‘कमिट करत’ नाही. आपल्या मराठीत ‘त्याने मला कमिट केलं’ म्हणजे त्याने मला शब्द दिला. इंग्रजीत ‘ही कमिटेड मी’ याचा अर्थ होईल, त्याने मला कुठल्यातरी संस्थेत, बहुधा मनोरुग्णालयात, भरती केलं. विनोद नाही, खरोखर तोच अर्थ होतो. आणि ‘ही कमिटेड मी टू द प्रोजेक्ट’ म्हटलं, तर मला न विचारता मला त्या कामाला जुंपलं. हॉटेलातल्या त्या मुलीला म्हणायचं आहे ते ‘माय मॅनेजर प्रॉमिस्ड मी दॅट...’ किंवा ‘अशुअर्ड मी दॅट...’. ‘कमिटेड दॅट’ हे रूपही टाळा. ‘ही कमिटेड दॅट ही विल कम’ हे आपल्या कचेऱ्यांमध्ये रोज लिहिलं जातं, बाहेरच्या ग्राहकाला ते खटकतं. ‘ही प्रॉमिस्ड टू कम’ पुरे.

‘टू’च्या पुढे काय, हा दुसरा सापळा. ‘कमिटेड टू’ या विशेषणापुढे नाम किंवा ‘इंग’वालं रूप घ्या. पाटीवर ‘वी आर कमिटेड टू सर्व्ह यू’ रंगवून घेण्याआधी ‘कमिटेड टू सर्व्हिंग यू’ करून घ्या, पाटी रंगवणारा पैसे तेवढेच घेईल. वर्तमानपत्रांत ‘कमिटेड टू’पुढे साधं क्रियापद कधी दिसतं, पण ‘इंग’ लावलंत तर कोणी चूक काढणार नाही. ‘कमिटमेंट’ या नामापुढे मात्र दोन्ही चालतात: अ कमिटमेंट टू प्रोव्हाइड, अ कमिटमेंट टू प्रोव्हायडिंग.

कमिटमेंट ‘मेक’ करतात, सरकार किंवा कंपनी ती ‘गिव्ह’ही करते. पाळली तर ‘ऑनर’ किंवा ‘मीट’. ‘डू अ कमिटमेंट’ कधीच नाही. हे नाम एकवचनी, अंकाशिवाय आलं तर ती निष्ठा, झोकून देण्याची वृत्ती: ‘लॅक ऑफ कमिटमेंट’. ‘एस’ लागून आलं तर ती आधीपासून गळ्यात असलेली कामं: फॅमिली कमिटमेंट्स, फायनॅन्शियल कमिटमेंट्स. मुलाखतीत ‘डू यू हॅव एनी अदर कमिटमेंट्स?’ विचारलं तर ते तुमच्या निष्ठेची चौकशी करत नाहीत. दुसरी नोकरी, शिकवणी, घरची जबाबदारी यांत किती वेळ जातो ते त्यांना हवं आहे. उत्तरात तास सांगा. अर्जात ‘अ कमिटेड अँड हार्डवर्किंग पर्सन’ लिहून काही मिळत नाही, सगळेच लिहितात. त्याऐवजी दोन सीझन एकाच हॉटेलात पूर्ण केले, मध्ये सोडलं नाही, हे महिन्यांसकट लिहिलं तर वाचणारा स्वतःच तो शब्द म्हणेल.

चौथा प्रकार म्हणजे पुढे काहीच नाही. ‘ही वोंट कमिट.’ तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. याचंच विशेषण ‘नॉन-कमिटल’, त्याला मराठीत देखणा शब्द आहे, गुळमुळीत. कोंकणीत ‘पळोवया’, म्हणजे ‘बघूया’, म्हटलं की गोव्यात सगळ्यांना काय समजायचं ते समजतं. गंमत म्हणजे ‘नॉन-कमिटल’ राहणं इंग्रजीत नेहमी दोष नसतो. वकील आणि मुत्सद्दी त्याचे पैसे घेतात.

प्रेमातला ‘कमिटेड’ याच शेजारचा. मराठीत ‘मी कमिटेड आहे’ म्हणजे माझं कोणीतरी आहे. इंग्रजीतही अर्थ लागतो, पण सुटसुटीत म्हणायचं तर ‘आय अॅम इन अ रिलेशनशिप’. ‘इन अ कमिटेड रिलेशनशिप’ म्हटलं की नातं गंभीर आहे, आज आहे उद्या नाही असं नाही. साखरपुडा झालेला असेल तर ‘एंगेज्ड’, तिथे कमिटेड नको.

इरादा आणि कमिटमेंट यांतला फरक गोव्याच्या माणसाला समजावणं सोपं आहे, कारण आपलं नोंदणी लग्न दोन सह्यांचं असतं. सिव्हिल रजिस्ट्रारपुढची पहिली सही लग्नाचा इरादा जाहीर करणारी. मग हरकतींसाठी नोटीस लागते, आणि त्यानंतरच्या दुसऱ्या सहीने लग्न पक्कं होतं. पहिल्या सहीला इंग्रजीत ‘इंटेन्शन’ म्हणतात. पहिल्या सहीवरच लग्न झालं समजून बसलेले लोक भेटतात, आणि तीच गल्लत ईमेलमध्ये ‘वी इंटेंड टू’ला ‘वी कमिट टू’ समजणारे करतात. समोरच्याने ‘इंटेंड’, ‘होप’, ‘एम’ किंवा ‘विल ट्राय’ लिहिलं असेल तर ती फार तर पहिली सही धरा.

जुने पोर्तुगीज कागद ज्यांच्या घरी आहेत त्यांच्यासाठी एक इशारा. त्यांत ‘कोंप्रोमिसो’ दिसला तर इंग्रजी ‘कॉम्प्रोमाइज’ आठवून ‘तडजोड’ असं भाषांतर करू नका. पोर्तुगीजमध्ये तो शब्द बंधन, स्वीकारलेली जबाबदारी, म्हणजे कमिटमेंट याच अर्थाचा. इंग्रजी ‘कमिट’चं सख्खं भावंड तिथे ‘कोमेतेर’ आहे, पण ते गुन्हा किंवा चूक करण्यापुरतं उरलं आहे. तडजोड आणि जबाबदारी यांची अदलाबदल झाली तर वाटणीच्या कागदाचा अर्थच उलटा होतो.

मराठीत आणताना एकच प्रतिशब्द धरून बसू नये. विचारांशी किंवा समाजाशी असलेली निष्ठा म्हणजे बांधिलकी, हा घडवलेला शब्द असला तरी छान रुळला आहे. सरकारी बातमीत ‘कटिबद्ध’ आणि ‘वचनबद्ध’ इतके झिजले आहेत की वाचणाऱ्याचं लक्षही जात नाही. ‘सरकार रस्त्यांसाठी कटिबद्ध’पेक्षा किती किलोमीटर आणि कधी ते लिहावं. ‘प्रतिबद्धता’ हिंदी परिपत्रकांतून आलेली, तिची गरज नाही. दोन माणसांत ‘शब्द देणे’ उत्तम. गोव्यात ‘उतर दिलं’ म्हटलं तर कोंकणी-मराठी दोन्ही घरांत कळतं. पण ‘शब्द टाकणे’ वेगळं, ती दुसऱ्यासाठी केलेली शिफारस. देवाला बोललेला नवस किंवा आंगवण यासाठी इंग्रजी शब्द ‘व्हाउ’, तिथे कमिटमेंट फिकी पडते. आणि मामलेदार कचेरीत ‘अंडरटेकिंग’ मागितलं तर ते हमीपत्र, त्यावर ‘कमिटमेंट लेटर’ असं शीर्षक घालून नेऊ नका, खिडकीवरचा माणूस परत पाठवेल.

स्पेलिंगची भानगड अशी. ‘कमिट’मध्ये एम दोन, टी एक. ‘कमिटेड’ आणि ‘कमिटिंग’मध्ये टी दोन होतात, कारण बोलताना जोर शेवटच्या अवयवावर, ‘मिट’वर पडतो आणि पुढचा प्रत्यय स्वराने सुरू होतो. ‘व्हिजिट’मध्ये जोर पहिल्या अवयवावर आहे म्हणून ‘व्हिजिटेड’ला टी एकच. ‘कमिटमेंट’मध्ये प्रत्यय व्यंजनाने सुरू होतो, म्हणून टी एकच राहतो. बॅनरवर सगळ्यात जास्त चुकतो तो हाच, दोन टी घातलेला. ‘कमिटी’त मात्र सगळंच जोडीने: दोन एम, दोन टी, दोन ई. शेवटचे दोन ई ‘नॉमिनी’ आणि ‘ट्रस्टी’मधलेच. ज्याला नेमलं तो नॉमिनी, ज्याच्या हवाली काम केलं ती कमिटी, आणि सुरुवातीला हा शब्द एकट्या माणसासाठीच वापरत. देवस्थानच्या महाजनांनी निवडलेल्या कमिटीला हा अर्थ कोणी अधूनमधून ऐकवायला हरकत नाही. उच्चार ‘कॉमिट’ नव्हे, ‘क’ हलका आणि ‘मिट’वर भार.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी थोडक्यात. डेटाबेसमध्ये ‘कमिट’ केलं की बदल पक्का, त्याआधी ‘रोलबॅक’ने मागे येता येतं. मायएसक्यूएल हा डेटाबेस मूळ सेटिंगवर प्रत्येक विधान आपोआप कमिट करतं, त्यामुळे ‘रोलबॅक’च्या भरवशावर चुकीचं ‘डिलीट’ चालवलं तर हात चोळत बसावं लागतं. आधी ट्रान्झॅक्शन सुरू करा, मग हात लावा. २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी केलेल्या गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, ‘कमिट’ म्हणजे कामाच्या त्या क्षणाची नोंद. ती फक्त तुमच्या यंत्रावर राहते, ‘पुश’ करून सगळ्यांच्या सामायिक जागी पाठवल्याशिवाय सहकाऱ्याला दिसत नाही. ‘कमिट केलंय’ आणि ‘दिसत नाहीये’ यावरून होणारं अर्धं भांडण इथलं असतं.

शेवटी रोजच्या कामाचं: शब्द कसा द्यायचा आणि कसा न द्यायचा. देताना ‘कमिट’ शब्द न वापरणंच बरं. काय, किती, कधीपर्यंत आणि कशावर अवलंबून, या चार गोष्टी लिहा. छापखान्याचा मालक ‘वी आर फुली कमिटेड टू युअर ऑर्डर’ लिहितो तेव्हा ग्राहकाच्या हाती काहीच लागत नाही. ‘वी विल डिलिव्हर ५०० कार्ड्स बाय द ट्वेंटिएथ, इफ यू अप्रूव्ह द प्रूफ बाय द ट्वेल्फ्थ’ यात सगळं आलं, आणि प्रूफ १६ तारखेला परत आलं तर उशीर कोणाचा तेही आलं. ‘इफ’वाला तुकडा लोक संकोचाने गाळतात आणि नेमके तिथेच अडकतात.

शब्द द्यायचा नसेल तर ‘आय विल ट्राय’ नको, त्याला समोरचा हो समजतो. ‘आय कांट कमिट टू अ डेट येट’ म्हणा आणि लगेच पुढे, कधी सांगाल ते जोडा: ‘आय विल कन्फर्म बाय थर्सडे, फोर पीएम.’ दिवस आधीच भरलेले असतील तर ‘माय डेट्स आर कमिटेड’ऐवजी ‘आय अॅम बुक्ड’ किंवा ‘आय हॅव अ प्रायर कमिटमेंट’. चवथीआधीच्या त्या रंगाऱ्याला बागा-हणजुणच्या परदेशी घरमालकाला व्हॉट्सअॅप करायचं झालं, तर एवढं पुरेल: ‘आय अॅम फुली बुक्ड अंटिल चतुर्थी. आय कॅन स्टार्ट ऑन द मंडे आफ्टर. टू रूम्स, फोर डेज, इफ द वॉल्स आर ड्राय.’